राघव मागे वळत नाही

९ डिसेंबर

कळलं. दोन्ही कान.

डॉक्टरबाई मला समजावं म्हणून हळूहळू इंग्रजी बोलत होत्या. पहिल्याच वाक्यात समजलं होतं मला! तरी त्यांनी कागदावर रेघ काढून दाखवली — हिच्या खालचं त्याला काही ऐकू येत नाही. सगळं जग त्या रेघेच्या खालीच. चंदनने तीनदा विचारलं, "थोडंसं तरी?" राघव माझ्या मांडीवर झोपलेला. उणेपुरे तीन महिने झालेत त्याला.

बाहेर आलो तर साडेतीनलाच अंधार. फिनलंडच्या या टाम्पेरेत सूर्य नुसती हजेरी लावून पळतो. बसमध्ये चंदन रडला. मी नाही.

१० डिसेंबर

आज मी रडले.

११ डिसेंबर

लिहूनच टाकते, नाहीतर डोकं फुटेल. चूक माझी आहे.

जन्मला तेव्हा दवाखान्यातच कान तपासले होते. नीट उत्तर आलं नाही. कानात पाणी असेल, चार आठवड्यांनी परत आणा, म्हणाले. घरी आलो तर धुळ्याहून सासूबाई व्हिडिओ कॉलवर हजर — "थाळी वाजवली का नाही? पोरगा भित्रा होईल!" आमच्याकडे बाळाच्या कानाशी थाळी वाजवतात, पुढे आयुष्यात कशाला घाबरू नये म्हणून. इथे कुठली काशाची थाळी! चंदनने स्टीलचं ताट आणि लाटणं घेतलं. इतकं बडवलं की खालच्या मजल्यावरची म्हातारी वर बघायला आली. मी माझ्या दोन्ही कानांवर हात ठेवले होते. राघव मात्र छताकडे टकामका बघत पडलेला. पापणीसुद्धा लवली नाही.

"वाघ शे, वाघ!" सासूबाई ओरडल्या. धुळ्यात गल्लीभर पेढे वाटले. सासूबाईंनी कॉल रेकॉर्ड केला होता, तो व्हिडिओ मी सगळ्या नातेवाइकांना पाठवला. केवढी मिरवले मी!

आणि चार आठवड्यांनी गेलेच नाही. पाऊस, थंडी, एवढ्याशा जिवाला कशाला बाहेर काढायचं — आणि वाघाच्या कानाची कसली आलीय तपासणी! नर्सने दोनदा फोन केला. दोन्ही वेळा मी पुढची तारीख मागितली.

स्वतःला थोबाडीत मारावीशी वाटते.

१४ डिसेंबर

आईचा फोन रोज येतो. भडगावात जेवणं आटोपली की आधी नातू. "मना राजा! इकडे देख, आजीकडे देख!" मग मला म्हणते, फोन त्याच्या कानाला लाव.

लावते मी. काय करू?

"तठे ऱ्हाईसन तो आपली बोली इसरी जाई," म्हणते. म्हणून ती त्याला रोज सगळं सांगते — केळीला घड लागले, लाइट पुन्हा गेली, शेजारच्या पुनाची म्हैस व्याली. वीस-वीस मिनिटं बोलते. तो फोनचं कव्हर चोखतो. "देख, कसा गप ऐकस!" ती खूश. मी भिंतीला टेकून उभी.

आज सांगणार होते. तोंड उघडलं आणि विचारलं, आबांचा गुडघा कसा आहे?

चंदन म्हणतो फोनवर नकोच. आखाजीला, अक्षय तृतीयेला, जाणारच आहोत, समोर बसून सांगू. साडेचार महिने! तोवर रोज फोन कानाला लावायचा?

२ जानेवारी

मी अजूनही त्याच्याशी बोलते. अंघोळ घालताना, लंगोट बदलताना. उगी उगी रे. मग आठवतं. आणि तोंड मिटलं की तो रडायला लागतो! तोंड हललेलं आवडतं त्याला बहुतेक.

मग बोलते बापडी.

१९ जानेवारी

ऑपरेशन करता येईल. आत यंत्र बसवतात. वर्षाचा व्हायच्या सुमारास. ऐकू येईलच असं नाही, पण बहुतेक येईल. "माझ्यामुळे उशीर झाला का?" मी विचारलं. डॉक्टरबाई नाही म्हणाल्या. त्या चांगल्या आहेत, म्हणून माझा विश्वास बसला नाही.

६ फेब्रुवारी

आईने जळगावहून राघवसाठी चांदीचे वाळे आणले. घुंगरांचे. फोनसमोर धरून हलवून दाखवले. मी म्हटलं, छान वाजतात गं.

२६ एप्रिल, धुळे

काय ऊन आहे! राघवच्या अंगावर घामोळं उठलं.

चंदनने पहिल्याच संध्याकाळी सांगून टाकलं.  सासूबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आमच्या घरात असं कोणी नाही. कुंदाबाईंकडे असेल तर त्यांना विचारा." माझ्या आईला! जी रोज वीस मिनिटं त्याच्या कानात जीव ओतते तिला! चंदन मान खाली घालून आंबा कापत राहिला. त्याच्याशी बोलणार नाही मी आज.

२९ एप्रिल, भडगाव

सांगितलं.

आई दारातच उभी होती. भाकरतुकडा ओवाळून टाकला, त्याला कडेवर घेतलं, वाळे घातले. मग सतरंजीवर बसवून त्याच्या पाठीमागे गेली. "राघ्या! ओ राघ्या!" टाळी वाजवली. पुन्हा वाजवली. तो भिंतीवरच्या पालीकडे बघत होता. आई हसत होती. मग हसायची थांबली.

मी म्हटलं, "आई, त्याला ऐकू येत नाही. जन्मापासून. मला डिसेंबरातच कळलं होतं."

 आईने त्याला उचलून माझ्या मांडीवर ठेवलं, पदर सारखा केला आणि सांजोऱ्यांचा रवा भाजायला निघून गेली. आबा अंगणात गेले ते जेवायलाच आत आले.

३० एप्रिल

आज आखाजी. गल्लीत झोके बांधलेत, माहेरी आलेल्या पोरी गाणी म्हणतायत. मी नाही गेले.

आई माझ्याशी बोलत नाही. इतके दिवस फसवलं, तिने रागवावं, शिव्या द्याव्या, चालेल! पण राघवलाही घेत नाही. दिवसभर लांबून बघते. तो तिच्याकडे बघून हात पसरतो आणि ती आत जाते. माझ्या लेकराने तुझं काय वाकडं केलं गं? आईसुद्धा अशी वागेल असं कधी वाटलं नव्हतं. रविवारी धुळ्याला परत जाते. पुन्हा लवकर येणार नाही.

१ मे

सकाळी आई शेजारी येऊन बसली.

माझ्या आधी तिला एक मुलगा झाला होता, एवढं मला माहीत होतं. तापाने गेला, असं घरात सांगत. ताप नव्हता. चार वर्षांचा होता. रस्त्यात खेळत होता आणि मागून केळीचा ट्रक येत होता. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, आई ओट्यावरून ओरडत होती. तो वळलाच नाही. हट्टी आहे, हाकेला ओ देत नाही, असंच सगळे चार वर्षं म्हणत आले होते.

"हाकाच मारी राहिंतू मी," आई म्हणाली. "पळनू नही."

मग राघवला माझ्याकडून घेतलं.

"याले मांगून हाक नको मारजो, रितू. पुढे जाईसन उभी राहजो."