लाल काचेनं पुसलेले मास्तर

१२ फेब्रु. ८६, बुध. परभणी
बोरीच्या कौसाबाई स्टुडिओत आल्या, सोबत लेक वंदना. "जयभीम," म्हणाल्या. मीही केला. पिशवीतून वहीचं एक पान काढलं. पेटीत लाल लुगड्याच्या घडीत होतं. छपराचा पत्रा गळला, लुगड्याचा रंग उतरला, पान लालभडक. नवरा शाळामास्तर, वंदना पोटात असतानाच वारला. पुढच्या महिन्यात पोरीचं लग्न. बापाचं अक्षर तिनं कधी पाहिलं नाही, ते सासरी न्यायचंय. म्हटलं, हात्तिच्या, कॅमेऱ्याला लाल काच लावली की लाल डाग गायब, निळी शाई वर. बढाई मारायची खोड काही जात नाही आपली.

१४ शुक्र.
प्रिंट एकदम स्वच्छ. डाग नावाला नाही. 'कौसा, कौसा, कौसा', वेडंवाकडं, ओळ सोडून पळणारं. मास्तराचं अक्षर इतकं गचाळ? असेल बुवा.

१७ सोम.
पोरगी हरखली. बाईंनी मात्र प्रिंट उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाल्या, "हे तर माझंच हाय की. मास्तर कुठं गेले?"
शाळा सुटल्यावर मास्तर बायकोला लिहायला शिकवायचे. ती निळ्या शाईनं गिरवायची, ते लाल शाईनं सुधारायचे. म्हणजे मी डागासोबत माणूसच पुसला. लय लाज वाटली. साधं विचारलंही नव्हतं.

२० गुरु.
हिरवी काच. निगेटिव्हमध्ये डाग नि लाल शाई दोन्ही आले, पण शाई जरा दाट. तीन प्रिंटा वाया. चौथी हार्ड पेपरवर, फिकं-गडद ठळक वेगळं करणाऱ्या कागदावर, उजेड कमी देऊन. डेव्हलपरची डिश हलवत बसलो. फिका डाग पांढरा पडला, दाट शाई राहिली. समासात बारीक, सुबक: 'घाई नको, कौसा.'
तिथंच रडू आलं. सौ.ला बोलावून दाखवलं. म्हणाली, "तुम्ही मला कधी काय लिहून दिलंत?" खरंय.
मास्तरांची शेवटची ओळ लुगड्याच्या काठाखालची. तिथं रंग जास्त, अजून काळीच.

२४ सोम.
वंदना अक्षरावरून बोट फिरवत होती. बाई म्हणाल्या, "बोलायचे बी असंच. हळू."
म्हटलं, खालची ओळपण निघेल, दोन दिवस द्या.
"ऱ्हाऊ द्या. ती मला पाठ हाय."
"काय हाय गं आई?"
बाई लाजल्या. या वयात. पान घडी घालून पिशवीत ठेवलं.
निघताना पोरगी एकटीच माघारी आली. "काका, आईला न सांगता काढून ठेवाल का? लग्नाच्या आधी येते."
हो म्हणालो नाही, नाहीपण म्हणालो नाही. ओळ त्या बाईची, बाप हिचा.
हार्ड पेपर दोन शिल्लक. निगेटिव्ह पाकिटात घातलंय. पाकीट अजून चिकटवलं नाही.