कात्री परत ठेवायची मोहीम

९ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

बघ, अक्षरांसकट आलं की नाही? मराठीच्या बाईंना विचारून घेतलं. वि. वि. म्हणजे विनंती विशेष, आणि माझी विशेष विनंती अशी आहे की सोबत पाठवलेला माझा जुना लॅपटॉप कपाटावर टाकून देऊ नकोस. त्यात एकच गेम ठेवलाय. दोन बहिणींनी घरी बसून बनवलाय, मोठी कंपनी वगैरे काही नाही, आणि मी अक्षरशः वेडी झालेय!

गेममध्ये तू एक बुटकी बाई आहेस. पायात लोकरी मोजे. एका बड्या माणसाच्या बंगल्यात शिरायचं, पण चोरायला नाही. त्याने लोकांच्या वस्तू ढापल्यात, त्या मिळवायच्या आणि ज्याच्या त्याच्या घरी गुपचूप जागेवर ठेवायच्या. कुणाला कळता कामा नये. प्रत्येक पहारेकऱ्याच्या डोळ्यांतून एक पिवळा त्रिकोण पडतो, त्यात आलीस की खेळ खल्लास. बंदूक नाही, मारामारी नाही. नुसतं बघायचं, थांबायचं आणि नेमकं सटकायचं. मी पडद्यामागे उभी असते आणि तो नाकासमोरून जातो ना, तेव्हा मी खरंच श्वास धरते. परवा आईने विचारलं, उचकी लागलीय का म्हणून. आणि तो गेला की असं वाटतं, अख्ख्या जगाला टोपी घातली!

फोनवर तुला काही ऐकू येत नाही आणि मेसेज तू वाचत नाहीस, म्हणून पत्रच लिही. पण घरी नको, खालच्या मैत्रिणीच्या पत्त्यावर. तुझं नाव निघालं की आई शिवणाचं मशीन जोरात चालवते.

लोभ आहेच, त्यात थोडी भर टाक.
तुझी भिंगरी

१७ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

यंत्र पोचलं. उघडणार नव्हतो. आता आठवडा झाला, सतरा किल्ल्या कापायच्या राहिल्यात आणि गिऱ्हाईक दारात उभं असताना मी काउंटरखाली बसून मोजेवालीला जिना चढवतोय. तुझ्या मामाला या वयात बिघडवल्याबद्दल तुझा कान पकडायला हवा.

तक्रार एकच. तळघराच्या कुलुपाचं भोक उलटं काढलंय. त्या बहिणींना कळव, म्हणावं एक किल्लीवाला रागावलाय. पावलांचा आवाज मला येत नाही, पण अडत नाही. वळायच्या आधी प्रत्येक पहारेकरी डावा खांदा किंचित पाडतो. तू बघितलंस का कधी? नाही ना? कान चांगले असले की डोळे आळशी होतात.

काल मोजेवालीने एका म्हातारीची चांदीची डबी फळीवर ठेवली आणि मागच्या मागे निघून आली. मी तसाच बसून राहिलो. कारण तुला ठाऊक नाही, पण ताईची, म्हणजे तुझ्या आईची, कात्री माझ्याकडेच आहे.

ताईच्या ट्रायल रूममध्ये ते कोटवाले गृहस्थ अडकले होते, तो दिवस तुला आठवत असेल. कडी आतून बसली, ते आत बोंबलतायत, मला पत्र्याची पट्टी हवी होती आणि हाताशी कात्री आली. कपडा कापायची, आमच्या वडिलांची. तिने मी पत्रा कापला. माणूस सुटला, पण पात्यांना खाचा पडल्या. ताई म्हणाली, पुन्हा तोंड दाखवू नकोस. मी कात्री दुरुस्तीला म्हणून उचलली आणि दोन वर्षं झाली. पाती तीनदा घासली. आता ओला रेशमी रुमालसुद्धा कापते. नुसती घेऊन जायची हिंमत होत नाही.

तर विचारतो, तोंड न दाखवता येता येईल का?

लोभ असावा, आणि तोंडही बंद असावं.
तुझा मामा

२१ फेब्रुवारी

ती. मामा, सा. न. वि. वि. वगैरे वगैरे!!

येता येईल का म्हणजे काय! मी पत्र वाचून मैत्रिणीच्या जिन्यात नाचले. तीन दिवस आईचा अभ्यास केला, असा परीक्षेचा केला असता तर कुठल्या कुठे असते. ऐक. मशीन खिडकीशी, म्हणजे तिचा पिवळा त्रिकोण सकाळभर थेट दारावर. पण गुरुवारी दुपारी एक वाजता ती इस्त्रीला उभी राहते, दाराकडे पाठ. वीस मिनिटं. कात्र्या टांगलेल्या असतात कापायच्या टेबलामागच्या भिंतीवर, त्यात डावीकडून दुसरा खिळा रिकामा आहे. हो, अजून रिकामाच! नवी कात्री ती टेबलावर ठेवते, तिथे टांगत नाही.

बूट जिन्यात काढ. दारापासून तिसरी फरशी वाजते, तुला कळणार नाही, म्हणून ओलांडच. धोका वाटला तर डावीकडे ट्रायल रूम, आता दाराऐवजी पडदा आहे. मी कॉलेजात असेन, म्हणजे माझ्यावर संशय नको. जीव नुसता वरखाली होतोय!

भिंगरी

२७ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

मोहीम फत्ते. घाईत लिहितोय, अक्षराला हसू नकोस.

फरशी ओलांडली, टेबलापर्यंत पोचलो, आणि ताईचा डावा खांदा पडला. अगदी त्या पहारेकऱ्यांसारखा! मी एका उडीत पडद्याआड. ती आली, हात आत घातला आणि माझ्या कानाशी एक कोट टांगून गेली. मी श्वास धरला तो एवढा की डोळ्यांपुढे किल्ल्या नाचल्या. मग पुन्हा इस्त्रीची वाफ दिसली. बाहेर आलो, कात्री खिळ्याला लावली, निघालो. बस स्टॉपवर एकटाच हसत होतो, एक बाई लांब जाऊन बसली.

आता ताई काय म्हणते ते ताबडतोब कळव. शब्द न् शब्द.
मामा

७ मार्च

ती. मामा,
सा. न. वि. वि.

तू चॅम्पियन आहेस! इतका भारी की काय सांगू, आईला पत्ताच नाही. आठ दिवस झाले. कात्री खिळ्यावरून काढते, दिवसभर कापते, संध्याकाळी परत लावते. एक फ्रॉक, चार शर्ट, एक पडदा. चेहऱ्यावर काही नाही. मी मुद्दाम म्हटलं, कात्री छान चालतेय नाही? तर म्हणाली, कात्रीने चालायलाच हवं. बास! फुल मार्क्स, मामा, कुणाच्याच नजरेत नाही!

तू खूश ना?
भिंगरी

११ मार्च, पोस्टकार्ड, घरच्या पत्त्यावर

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

खूश कसला. गेम पुन्हा खेळून बघितला. म्हातारी सकाळी उठून डबी बघते, हे त्या बहिणींनी दाखवलंच नाही. कुणी ठेवली असेल, असं तिच्या मनात तरी येतं का? नाही दिसलो की मजा येते, हे खरं. पण मला वाटलं होतं, ताईला कळेल.
मामा

१४ मार्च

चि. बाळ्यास,
अनेक आशीर्वाद.

एवढे दिवस बंद पाकिटं खालच्या मजल्यावर येत होती आणि हे उघडं कार्ड माझ्या दारात. म्हणजे मी वाचावं म्हणूनच टाकलंस. वाचलं.

त्या गुरुवारी पडद्याखाली दोन पाय दिसत होते. उजव्या मोज्याला अंगठ्याशी भोक. कोट टांगायचा नव्हताच, तूच आहेस की भलताच कोणी, हे बघायला हात घातला. मग इस्त्रीपाशी जाऊन इतकं हसू दाबलं की एका चांगल्या शर्टाची कॉलर करपवली. तुला वेळ मिळावा म्हणून मोकळ्या टेबलावर इस्त्री फिरवत बसले. कात्री पहिल्याच कापाला ओळखली. वडिलांच्या हातात असताना जशी सरकायची, तशी सरकली.

मग बोलले का नाही? तोंड दाखवू नकोस असं मीच म्हटलं होतं. ते मागे कसं घ्यायचं, ते आठ दिवस रोज कापताना शोधत होते. पोरगी माझ्याकडे टक लावून बसायची, म्हणून आणखीच अडून बसले.

तिचा तो खेळ ती नसताना तिच्या नव्या लॅपटॉपवर उघडला. पाच वेळा पकडली गेले. मला लपणं जमत नाही, मी सरळ पहारेकऱ्यासमोर जाऊन उभी राहते. तेच इथे करते. मी तुला बोलले ते चुकलं. आत माणूस गुदमरत होता आणि मी पात्यांसाठी ओरडत होते.

शनिवारी ये. पुढच्या दाराने, बूट घालून. पोरीला सांगितलेलं नाही, तिलाही जरा चकवू.

लोभ होताच, मधे नुसता उसवला होता.
तुझी ताई