मारव्याआधीची तार

मास्तर,

तुमच्या लेकीने तुमच्यावर एक पुस्तिका लिहिली आहे. छापण्याआधीची पानं तिने माझ्याकडे पाठवली, शुद्धलेखन बघायला. उद्या सकाळी ती छापखान्यात परत जायला हवीत. सगळी नोकरी मुलींचे निबंध तपासण्यात गेली, त्यामुळे हे काम माझ्या दृष्टीने तासाभराचं. पण सातव्या पानावर एक वाक्य आहे आणि दुपारपासून माझा हात त्याच्यापुढे सरकलेला नाही. ‘आजोबांना अब्बांचे गाणे पसंत पडले नाही, सांगलीच्या कार्यक्रमातून ते मध्यंतरालाच उठून गेले.’ ऱ्हस्व-दीर्घ सगळे जागच्या जागी आहेत. फक्त ते खरं नाही, आणि हे आता जगात एकट्या मला माहीत आहे.

तुमच्या घरची गोष्ट तुम्ही वर्गात एकदाच सांगितलीत, तीही हसत. कुणीतरी विचारलं होतं, मास्तर, तुमचं घराणं कोणतं? तुम्ही म्हणालात, ‘भोपळ्याचं.’ मिरजेला वडिलांचं तंबोऱ्यांचं दुकान, पिढ्यान्‌पिढ्या तेच काम. गाणारे आपल्या दारात येतात, आपण त्यांच्या पंगतीला बसायचं नाही, असं ते म्हणत. तुम्ही बसलात. एकोणिसाव्या वर्षी घर सोडून साताऱ्याला आलात, शाळेत गाण्याचे मास्तर झालात, संध्याकाळी भाड्याच्या खोलीत आमचा वर्ग घेऊ लागलात. वडील बोलायचे बंद झाले. मग कितीतरी वर्षांनी एस.टी.च्या टपावरून गोधडीत गुंडाळलेला एक तंबोरा आला. सोबत चिठ्ठी नाही. मी तेव्हा वर्गात होते. तुम्ही एक तार छेडलीत आणि तिचा नाद पूर्ण विरेपर्यंत डोळे मिटून बसलात. ‘ही जवारी अब्बांच्या हातची आहे,’ म्हणालात. तार ज्या घोडीवर टेकते ती घासून घासून तारेत आणलेली गुणगुण म्हणजे जवारी, आणि ती प्रत्येक कारागिराची वेगळी असते, एवढं त्या दिवशी मला कळलं. बाकीचं कळायला वेळ लागला.

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते, कान तयार होता आणि जीभ त्याहून तयार. जुन्या तंबोऱ्याची तार माझ्या हातून तुटली तेव्हा मी म्हणाले, तारच गंजकी होती. तुम्ही आवाज चढवला नाहीत. सगळ्या मुलींसमोर म्हणालात, ‘तार तुटली तर हात चुकला. वाद्य चुकत नाही. आमच्या दुकानात हे पहिल्या दिवशी शिकवतात.’ आणि पुढचे आठ दिवस मला तंबोऱ्याला हात लावू दिला नाहीत. मी ते विसरले नव्हते. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढचं त्याशिवाय समजणार नाही.

सांगलीचं सभागृह, दुपारचा कार्यक्रम. तुम्ही मुलतानी गाऊन उठला आहात. मध्यंतरानंतर, सूर्य मावळायच्या वेळेला, मारवा. मारव्यात पंचम नाही, म्हणून मिरजेहून आलेल्या त्या तंबोऱ्याची पहिली तार पंचमावरून चढवून निषादावर न्यायची. चहाला आत जाताना तुम्ही मला बजावता, ‘सावकाश चढव. मधे थांब, तारेला श्वास घेऊ दे.’ मी मान डोलावते आणि पेटीवाल्यांशी गप्पा मारत एका दमात खुंटी पिळते. तार तुटते. पेटीवाले हसतात, ‘झालं, आता मास्तरांपुढं तुमचा निकाल.’ पहिल्या ओळीतून काळी टोपी घातलेला एक म्हातारा उठून मंचाच्या कडेला येतो. काय झालं, असं विचारतो. मला वाटतं, कुणीतरी हौशी श्रोता. मी म्हणते, तंबोराच भिकार आहे, कुणी बनवलाय कोण जाणे. तो नुसता माझ्याकडे बघतो. त्याच्या त्या बघण्याने मला उगाच जोर येतो. ‘मी एकटी नाही म्हणत,’ मी म्हणते, ‘मास्तरसुद्धा असंच म्हणतात.’

‘मास्तर म्हनतात?’

‘हो.’

त्याने भोपळ्यावर तळवा ठेवला. माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘मग खरं असंल. त्याचा कान चांगला हाय.’ आणि दाराकडे चालू लागला. ‘त्याचा’ हा शब्द मी ऐकला, मास्तर. पण त्याचा अर्थ लावायला मी थांबले नाही, कारण तुम्ही बाहेर यायच्या आत मला दुसरी तार चढवायची होती.

तुम्ही मारवा गायलात. पहिल्या ओळीतल्या रिकाम्या खुर्चीकडे बघत गायलात आणि लवकर संपवलात. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.त इस्लामपूर मागे पडल्यावर तुम्ही म्हणालात, ‘अब्बा आले होते. मुलतानी ऐकली आणि गेले. उत्तर मिळालं.’ तेव्हा मला कळलं तो म्हातारा कोण ते. कराड येईपर्यंत मी खिडकीबाहेर ऊस बघत राहिले. साताऱ्यात उतरल्यावर सांगू, असं ठरवलं. उतरल्यावर तुम्ही माझी पिशवी उचलून दिलीत आणि म्हणालात, तार छान बदललीस, मला कळलंसुद्धा नाही.

त्यानंतर तुम्ही मंचावर बसला नाहीत. वर्ष भरायच्या आत वडील गेले. तुम्ही मिरजेला जाऊन आलात. भावांनी पाणीसुद्धा विचारलं नाही, एवढंच बोललात, आणि का ते तुम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. मला कळलं होतं. तरी मी रोज संध्याकाळी वर्गाला येत होते, त्याच तंबोऱ्यामागे बसत होते. तुम्ही गेलात त्यालाही आता वीस वर्षं व्हायला आली. आधी तुमच्या रागाची भीती होती. पुढे पुढे तुम्ही रागावणार नाही याची जास्त वाटू लागली.

आज दुपारी लेकीचा फोन आला. पुस्तिकेच्या कार्यक्रमाला मिरजेच्या चुलत भावांना बोलवायचं होतं, पण ते येत नाहीत म्हणाले. ‘बाई, ते आजबी म्हणतात, तुमच्या अब्बानं आमच्या आजोबांच्या हाताला नाव ठेवलं. अब्बा असं बोलतील व्हय? तुमी तर तिथं होता.’ मी म्हणाले, आवाज तुटतोय, आणि फोन ठेवला. आवाज स्वच्छ येत होता.

म्हणजे दोन घरांत दोन दुखणी, आणि दोन्ही माझ्या एका वाक्याची. सातव्या पानावरचं ते वाक्य मी आता खोडलं आहे. समासात लिहिलं आहे: ‘तार माझ्या हातून तुटली. दोष मी तंबोऱ्याला दिला, आणि मास्तरही असेच म्हणतात असे त्यांच्या वडिलांना खोटे सांगितले. म्हणून ते उठून गेले.’ खाली माझं नाव घातलं आहे. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, ते या वहीतच राहील. पानं मात्र उद्या जायची आहेत.

बाकीच्या सगळ्या दुरुस्त्या लाल शाईत आहेत. एवढी एक मी पेन्सिलीने केली आहे, आणि खोडरबर अजून टेबलावर हाताशीच आहे.