आतल्या कॉम्प्युटरची वायर

पोरी,

माझी नात जन्मली त्या वर्षी मुलाने आतल्या खोलीत कॉम्प्युटर लावला आणि त्याला मुद्दाम नेट दिलं नाही. रोज सकाळी त्यातून त्याचा आवाज यायचा, "आई, गोळी घेतलीस का? खोटं बोलू नकोस." काल तू माझ्या भल्यासाठी नेटची वायर जोडलीस. कॉम्प्युटरने स्वतःला नवं करून घेतलं, आणि आज तो गप्प आहे. तू म्हणालीस, मोड्यूल उडालं, म्हणजे आवाज वाजवणारा भाग गेला, भरून ठेवलेला आवाज आत तसाच आहे. मी रागावले नाही, वायर तेवढी काढली.

ते मोड्यूल तुझ्या लॅपटॉपवर उतरव आणि पेनड्राइव्हने आतल्या कॉम्प्युटरवर ने. माझा मुलगाही तसंच करायचा. पेनड्राइव्ह साखरेच्या डब्यावर आहे.

तू त्याच्या खोलीत भाड्याने राहतेस म्हणून सांगते. माझा मुलगा मागच्या मार्च महिन्यात वारला.