गाडी नसताना गाडीचा नंबर मिळण्याबाबत

प्रति,
मा. वाहन नोंदणी अधिकारी,
वाहन नोंदणी कार्यालय, नवीन इमारत
(पायी येणाऱ्यांसाठी प्रवेश नाही, असे फाटकावर लिहिले आहे)

विषय : अर्जदाराकडे कोणतेही वाहन नसताना तिला वाहन क्रमांक देण्याबाबत, आणि तोही सोमवारच्या आत.

संदर्भ : शुश्रूषा केंद्राच्या अधीक्षकांनी काचेआडून दिलेले तोंडी उत्तर, "आधी नंबर आणा, मग बोला."

महोदय,

सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार ही चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत काचा घासून फ्रेममध्ये बसवण्याचे काम करते. या शहरातल्या निम्म्या गाडीवाल्यांच्या नाकावर अर्जदाराच्या हातच्या काचा आहेत. तरी रस्त्याच्या कडेने चालणारी अर्जदार त्यांच्यापैकी एकालाही दिसत नाही, ही बाब प्रारंभीच निदर्शनास आणून देते. अर्जात 'मी' लिहू नये, 'अर्जदार' लिहावे, असे शेजारच्या निवृत्त हेडक्लार्क काकांनी बजावले आहे. 'मी' वाचले की साहेबाला समोर माणूस दिसतो आणि साहेब बिथरतो, असे त्यांचे म्हणणे. सबब आपण बिथरू नये म्हणून अर्जदार स्वतःबद्दल अशी परक्यासारखी बोलत आहे.

१. अर्जदाराचे वडील शहर बससेवेतील निवृत्त चालक असून अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू आणि वाचा गेली आहे. त्यांना बाह्यवळण रस्त्यावरील शुश्रूषा केंद्रात ठेवले आहे. पूर्वी तिथवर बस जात असे. कित्येक वर्षे ती वडिलांनीच चालवली. पुढे रस्ता रुंद करताना बसला जागा उरली नाही म्हणून ती बंद झाली. रस्ता रुंद केल्याने जागा कमी कशी झाली, हे आपल्यासारख्या जाणकारांनी कधीतरी सांगावे. हल्ली बस मोठ्या खरेदी संकुलापाशी संपते आणि तिथून पुढे अर्जदार पायी जाते. पायवाट नाही. एका बाजूला गटार, दुसऱ्या बाजूला ट्रक, मध्ये अर्जदार आणि वडिलांच्या धुतलेल्या कपड्यांची पिशवी.

२. या रस्त्यावर माणुसकी शिल्लक नाही, असे अर्जदाराचे म्हणणे नाही. लोक थांबतात. काच खाली करून विचारतात, "गाडी बंद पडली का ताई? मेकॅनिकला फोन लावू?" गाडी नाहीच, असे सांगितले की त्यांचा चेहरा उतरतो आणि काच वर जाते. एकदा वाहतूक पोलिसाने हटकले. गाडी कुठे आहे, म्हणाला. नाही, म्हटले. चोरीला गेली का, म्हणाला. नव्हतीच, म्हटले. त्याने बराच वेळ पेन धरून ठेवले, मग वही मिटली आणि म्हणाला, "मग मी काय लिहू बाई? निघा इथून." अर्जदार निघालेलीच होती. सकाळपासून ती फक्त निघालेलीच होती.

३. केंद्राच्या फाटकावर माणसाला उतरावे लागू नये अशी उत्तम सोय केली आहे. गाडी लोखंडी पट्टीवर उभी राहिली की कॅमेरा तिचा नंबर टिपतो. खिडकीतून हात काढून यंत्रावर खोलीचा क्रमांक दाबला की आडवा दांडा वर जातो आणि गाडीच्या मालकाच्या नावे त्या खोलीतील रुग्णाची भेट नोंदली जाते. अर्जदार त्या पट्टीवर उभी राहिली, पिशवीसकट उभी राहिली, शेवटी रागाने त्यावर उड्याही मारल्या. यंत्राला अर्जदाराचे वजन पटले नाही. फाटकावरच्या रखवालदाराची अर्जदाराला दया आली. "मावशी, मी तिकडं तोंड करतो, तुम्ही खालून या," म्हणाला. त्या दिवसापासून अर्जदार दर भेटीला दांड्याखालून वाकून आत जाते. रखवालदाराची नोकरी जाऊ नये म्हणून त्याच्याविषयी अधिक काही लिहिणार नाही. आपणही विचारू नये.

४. आता मुख्य तक्रार. अर्जदार सर्व भेटी देऊनही केंद्राच्या दफ्तरी तिची एकही भेट नाही. उलट तिच्या भावाची एक भेट आहे. भाऊ गाडी घेऊन आला होता, हे खरे. खोलीचा क्रमांक दाबून आत आला, वाहनतळात बसून फोनवर बोलला आणि फोन संपल्यावर निघून गेला. वडिलांनी खिडकीतून गाडी पाहिली आणि दाराकडे डोळे लावून बसले. ती भेट ठरली. अर्जदाराने त्यांना भरवले, दाढी केली, पाठीला पावडर लावली, चादर बदलली. ती कोणीच नाही.

५. पायी जाण्याचा हट्ट सोडून टॅक्सीने जावे, असे वहिनीने सुचवले. अर्जदाराने तेही केले. तिला वाटले, टॅक्सी आत गेली की आपणही आत गेलो, मोजलो गेलो. नंबर टॅक्सीचा, टॅक्सी टॅक्सीवाल्याची, सबब भेट टॅक्सीवाल्याची. भावाच्या भेटीहून ही ताजी असल्याने यंत्राने टॅक्सीवाल्यालाच वडिलांचा निकटचा आप्त ठरवले. पुढे केंद्राने ठरवले की ज्यांना फारसे कोणी भेटायला येत नाही, अशा रुग्णांना घाटापलीकडच्या नव्या केंद्रात हलवावे. त्याच्या संमतीचा निरोप त्या टॅक्सीवाल्याच्या फोनवर गेला. तो बिचारा सिग्नलला उभा होता. हिरवा दिवा लागला, मागून हॉर्न सुरू झाले, त्याने न वाचता 'हो' दाबले. वडिलांना सोमवारी हलवणार आहेत. तिथे बस नाही, घाटात चालायला बंदी आहे आणि तिथे पोचायला अर्जदाराला पंख फुटावे लागतील.

टॅक्सीवाला भला माणूस आहे. खरा प्रकार कळल्यावर तो स्वतः केंद्रात जाऊन आला आणि त्याची आणखी एक भेट नोंदली गेली. दिलेली संमती दुसऱ्या नोंदलेल्या नातेवाइकाची हरकत आल्याशिवाय रद्द होत नाही, असे त्याला सांगण्यात आले. दुसरा नोंदलेला नातेवाईक म्हणजे भाऊ. भावाला फोन केला तर तो म्हणाला, "अगं, तिकडे पार्किंग किती ऐसपैस आहे!" यापुढे भावाबद्दल या अर्जात काही लिहिणे अर्जदाराला जमणार नाही, कारण अर्ज सभ्य भाषेत लिहायचा असतो.

६. राहता राहिले अधीक्षक. त्यांच्या काचेपुढे उभी राहून अर्जदार म्हणाली, "मी मुलगी आहे त्यांची. ही माझी हरकत." त्यांनी संगणकाकडे पाहिले. म्हणाले, मुलगी दिसत नाही. अर्जदार म्हणाली, ही काय समोर उभी आहे. ते म्हणाले, "तसं नाही हो. नंबर काय तुमचा?" अर्जदार चिडली आहे. काकांनी मसुद्यात 'चिडली' खोडून 'व्यथित झाली' असे केले होते. अर्जदाराने तेही खोडले आहे. व्यथित व्हायला वेळ असणाऱ्यांनी व्हावे.

७. नंबर देण्याचा अधिकार आपल्या कार्यालयाचा असल्याने अर्जदार आपणाकडे आली आहे. गाडी मागत नाही, कर्ज मागत नाही, रस्तासुद्धा मागत नाही, तो सगळा आपण ठेवून घ्यावा. फक्त नंबर द्यावा. आपल्या छापील नमुन्यातील माहिती सोयीसाठी येथेच देत आहे. वाहनाचा प्रकार, बाई. आसने नाहीत, दिवसभर दुकानात उभ्याने काम असते. इंधन, चहा आणि संताप, पैकी चहा कधी मिळतो कधी नाही. डाव्या गुडघ्यातून आवाज येतो, पण गाडी चढावर थांबत नाही. धूर अद्याप निघालेला नाही, मात्र आपल्या खिडकीपुढे आणखी उभे केल्यास त्याची हमी देता येत नाही. पाटी पुढे-मागे गळ्यात अडकवण्यास अर्जदार तयार आहे. लोक हसतील तर हसोत. हसण्यासाठी का होईना, त्यांना ती आधी दिसावी लागेल.

८. एवढी घाई कशासाठी, असे आपण विचाराल. केंद्रातल्या वडिलांच्या कागदावर 'डाव्या हाताला झटके' असे लिहून त्यावर गोळी सुरू केली आहे. तो झटका नाही. अर्जदार खोलीच्या दारात दिसली की वडील डावा हात पुढे करतात, मूठ वळतात आणि मागे ओढतात. तो बसच्या दाराचा दांडा आहे. ते लेकीसाठी दार उघडत असतात. अर्जदार आत आली की ते तो दांडा पुढे ढकलतात, दार लावून घेतात आणि हात मांडीवर ठेवतात. एवढे एकच बोलणे त्यांच्याजवळ उरले आहे आणि ते फक्त अर्जदाराला कळते. घाटापलीकडे ते दांडा ओढतील आणि समोर कोणी नसेल. वडिलांची चालवण्याची रीत अर्जदाराने लहानपणापासून पाहिली आहे. लांबून कोणी धावत येताना दिसले तर ते वेळापत्रक बाजूला ठेवून थांबत. स्टॉप रिकामा असला, की गाडी पुढे काढत.

तरी सोमवारच्या आत नंबर मिळावा. साहेब, मी धावत येते आहे.

आपली,
(सही)
काचा घासणारी, वाहन नाही

दिनांक : शुक्रवार, कार्यालय बंद होण्यापूर्वी

सोबत :
१. टॅक्सीवाल्या दादांचे पत्र. आपण या आजोबांचे कोणी नाही, तरी त्यांना हलवू नये, असा मजकूर.
२. पुठ्ठ्याच्या दोन पाट्या, दोरीसह. नंबराची जागा कोरी ठेवली आहे.