कोंबड्यांचं पक्कं घर

६ एप्रिल
तानाबाई आज सकाळच्या गाडीनं नेरला गेली, आमच्या बबिताकडे. आई लेकीकडे जाते, त्यात विशेष काही नाही. रुसून गेली असं म्हणता येणार नाही. रुसली का, असं मी दोनदा विचारलं. तिनं हो म्हटलं नाही.

झालं एवढंच की परवा रानमांजरानं तिची तांबडी तलंग कोंबडी नेली. रात्री कोंबड्या बांबूच्या डाल्याखाली झाकतो. तिचं म्हणणं, मी डालं झाकलं पण वर दगड ठेवला नाही. मी विटेचा तुकडा ठेवला होता. आता मांजर एवढं ताकदीचं निघेल हे कोणाला माहीत?

गाडीत चढताना म्हणाली, "कोंबड्याइले पक्कं घर होईन तवा सांगजा. मंग पाहू यायचं."

ठीक. चार दिवसांत घर. मग फोन.

७ एप्रिल, सकाळी
कॅलेंडरच्या पाठीमागे प्लॅन काढला. झोपायला खोली, फिरायला जाळीचं आवार, वर टिनपत्रं. सातवीत माझी भूमिती चांगली होती. पुढची शाळा सुटली ती गणितामुळे नाही.

शेजारचा धनसिंग कुंपणावरून बघत होता. म्हणाला, पऱ्हाटीचा कुड घाला, वरून शेणमातीनं लिंपा, संध्याकाळपर्यंत होते. वावरात कपाशीची वाळली झाडं, पऱ्हाटी, पडलेलीच आहे. मी सांगितलं, बाईनं पक्कं घर मागितलं आहे. पऱ्हाटीचं घर बघून ती परतीच्या गाडीनं निघून जाईल.

७ एप्रिल, दुपारी
ऊन फार. उद्यापासून.

१० एप्रिल
चार दिवस झाले. पण प्लॅनिंगचे दिवस धरायचे नसतात.

खांबांचा प्रश्न सुटला. परसात जुनी बैलबंडी मोडून पडली आहे, वडिलांच्या वेळची. लाकूड एक नंबर. धुरा ठोकून बघितला तर पोकळ आवाज आला. वाळलेलं लाकूड असंच वाजतं. थोडी उधई, म्हणजे वाळवी, आहे, पण ती वरवरची असावी.

चहा आज जमला नाही. दूध नासलं. तिथे बबिताकडे म्हैस आहे. तानाबाईला तिथे करमत असेल का, हा विचार सकाळपासून डोक्यातून जात नाही. करमत असेल तर कठीण.

१४ एप्रिल
खड्डे झाले. कंबर धरली.

फोन केला. जावई श्रावण बोलला. मामीजी सरगुंडे करून राह्यल्या, हात पिठाचे आहेत, म्हणाला. मी म्हटलं, हात धुऊन झाले की फोन करायला सांगा. रात्री उशाशी मोबाईल ठेवला. नेटवर्क नसावं.

१७ एप्रिल
ती बोलली. काळी कोंबडी अजून अंड्यावर बसते का, विचारलं. बसते म्हटलं. कोंबड्याला सर्दी तर नाही? नाही. घर कुठवर आलं? अर्धं झालं, असं सांगितलं. खड्डे म्हणजे घराचा खालचा अर्धा भागच असतो.

माझी कंबर आता बरी आहे, तेही सांगितलं. तिनं विचारलं नव्हतं, पण विचारणारच होती. तेवढ्यात फोन कटला.

२१ एप्रिल
खांब उभे. जाळी ठोकली. टिनपत्रं चढवली. खिळे बरेच वाकले, हल्ली खिळ्यांत लोखंड नसतं. घर पूर्वेला थोडं झुकलं आहे. सकाळचं ऊन आत येईल.

काळीची नुकती निघालेली पिल्लं आत सोडली, ती जाळीच्या भोकांतून सरळ बाहेर आली. मोठी झाली की येणार नाहीत. हा प्रश्न वेळेनुसार सुटणारा आहे.

२३ एप्रिल
आनंदाची गोष्ट. कोंबड्यांना घर आवडलं. आत जात नाहीत, पण दिवसभर खांबांच्या बुडाशी असतात. पायांनी माती उकरतात, चोची मारतात, हुसकलं तरी परत येतात. असा लळा मी पाहिला नाही.

धनसिंग पोट धरून हसला. "बाबाजी, हे घर कायचं, हे हॉटेल हाय. उधई खाऊन राह्यल्या त्या."

लोक पिल्लांसाठी रानातून उधई मडक्यात भरून आणतात. माझ्याकडे खांबातच सोय आहे. खाणं आणि राहणं एका जागी. हे त्याच्या पऱ्हाटीत झालं असतं का? पण हसला ते बरं वाटलं नाही. हा माणूस दिवसभर फोनवर कोणाशी बोलतो कळत नाही.

२५ एप्रिल
कोंबड्या आत जाव्यात म्हणून ज्वारी घेऊन स्वतः आत गेलो. वाकून, गुडघ्यांवर. मागून दार पडलं आणि बाहेरची कडी आपोआप लागली. कडीचं काम उत्तम झालं आहे.

आत जागा ऐसपैस नाही. टिनपत्रं तापली होती. कोंबडा बाहेरून जाळीशी येऊन एका डोळ्यानं बघत राहिला. ज्वारी मीच मुठीत धरून बसलो. धनसिंग बाजारातून आला तेव्हा हाक मारली. त्यानं कडी काढण्याआधी बराच वेळ घेतला. म्हणाला, काकूले कळवू का, एक जण आत राहाले आला म्हणून?

त्याला बजावलं, हे कोणाला सांगायचं नाही.

आतून बांधकाम मजबूत वाटलं.

२८ एप्रिल
फोन केला. घर पूर्ण झालं, कोंबड्या दिवेलागणीला रांगेनं आत जातात, असं सांगितलं. खरं म्हणजे त्या लिंबाच्या झाडावर बसतात. पण झाडाची सावली घरावर पडते, म्हणजे तशा त्या घराच्या हद्दीतच आहेत.

 ती म्हणाली, रविवारी पाहू.

रविवारी! घर झाडलं. स्वयंपाकघरात मुंग्या झाल्या आहेत. ओट्यावर जळालेलं पातेलं आहे, ते परातीखाली झाकलं. तिच्या पलंगावरची चादर झटकली. दाराशी उभं राहून पाहिलं, तिला काय काय दिसेल. बरंच दिसतं.

१ मे, रात्री
संध्याकाळी वावधान आलं. आधी धूळ, मग वारा, पाऊस नुसता नावाला. खांब बुडाशी उधईनं खाल्लेले आणि उरलेलं कोंबड्यांनी उकरलेलं. घर सावकाश पूर्वेला आडवं झालं. पत्रा उडून धनसिंगच्या गोठ्यावर पडला.

एकही कोंबडी मेली नाही. कारण एकही आत नव्हती. हा मुद्दा लक्षात ठेवण्यासारखा आहे.

बाकी काही सुचत नाही. पाणी पिऊन बसलो आहे. रविवारी तिला काय दाखवू? आडवं झालेलं घर उभं करता येतं, पण तिनं एकदा मान हलवून पाठ फिरवली की मग काय करायचं, ते मला माहीत नाही. एवढ्या वर्षांत कधी वेळ आली नाही. ती दर वेळी घरातच होती, चुलीशी. पाठ फिरवली तरी घरातच.

रविवार, सकाळी
मोटारसायकलचा आवाज आला. श्रावण एकटाच. मागे टोपलं बांधलेलं.

"मामाजी, मामीजीनं कोंबड्या बोलावल्या."

मी विचारलं, आणि ती? तो टोपलं सोडत राहिला. मग म्हणाला, त्या म्हणत होत्या, तिकडं वारं लागते, कोंबड्या भेतीन. आडव्या घराकडे त्यानं पाहिलं, पण आश्चर्य दाखवलं नाही. तेव्हा समजलं. धनसिंग दिवसभर फोनवर बोलतो तो तिच्याशीच. पऱ्हाटी, उधई, कडी, सगळं तिला त्याच त्याच दिवशी पोचलं होतं. रांगेनं आत जातात, हे मी सांगितलं तेव्हाही तिला माहीत होतं. तरी तिनं ऐकून घेतलं.

कोंबड्या, कोंबडा, काळी, पिल्लं, सगळी टोपल्यात बसली. माझ्या घरात एक दिवस बसली नाहीत. निघताना श्रावण म्हणाला, तुमी बी या म्हणत होत्या, पण कोंबड्या पयले. मी म्हटलं, इथली राखण कोण करेल? कशाची राखण, असं त्यानं विचारलं. जावयाशी वाद घालू नये.

रविवार, सायंकाळी
अंगण फार गप्प आहे. ज्वारी तशीच पडून.

विचार केला. नेरला कोंबड्या गेल्या, पण तिथे त्यांना घर नाही. इथल्या चुका मला आता पाठ आहेत, तिथे होणार नाहीत. तिथे माझी गरज आहे. पिशवी भरली. दोन धोतरं, औषध, हातोडा, पक्कड.

फोन केला. उद्या येतो म्हटलं. काम आहे म्हणून येतो, हे स्पष्ट सांगितलं. पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "या. जेवाले ठेवतो. अन तो हातोडा घरीच राहू द्या."

हातोडा काढून ठेवला. पकडीचं ती काही बोलली नाही.