शेंड्यांवरच्या मगरी

चि. धाकटीस,

थोरल्याचे अनेक आशीर्वाद. तुझे गुडघे चालताहेत ना? माझे चालतात, पण आता त्यांना जायला जागा उरेलसं दिसत नाही, म्हणून हे पत्र.

गेल्या सालापर्यंत डाळिंबाच्या बागेत दर आठवड्याला फवारणी असे आणि खोकल्यापायी मला मागच्या खोलीत खिडक्या लावून कोंडत. (काचेआडून कविता म्हणून पाहिल्या. झाडांपर्यंत पोचत नाहीत.) यंदा सूनबाईने पंपाला कुलूप घातलं. पानं उलटून पाहायची, कीड फारच वाढली तर औषध. एरवी मित्रकिडेच तिला खातात. याला एकात्मिक कीड व्यवस्थापन म्हणतात. नाव व्याकरणाच्या धड्यासारखं, पण त्याच्या कृपेने मला सकाळभर बाग मिळाली. चौथीच्या सगळ्या कविता झाडांना ऐकवून झाल्या.

मित्रकिडा म्हणजे लाल पाठीचा, काळ्या ठिपक्यांचा ढालकिडा. इतका गोड, की आपल्या क्रमिक पुस्तकात चित्रासकट शोभला असता. शेंड्यांचा रस पिणारा मावा तो फस्त करतो. तर एके सकाळी त्याच शेंड्यांवर काळी, काटेरी, नारिंगी डागांची, मगरी आटून बारीक झाल्यासारखी ध्यानं दिसली. माझ्या मित्रांच्या घरात हे गुंड घुसलेले मला बघवेनात. रोज डबाभर वेचून कोंबड्यांना घातले.

काल सूनबाई शेंडा धरून बराच वेळ उभी होती.

"बाबा, ढालकिड्यांची पोरं कुठं गेली हो?"

"ठिपकेवाली पोरं मला तरी दिसली नाहीत."

"ठिपके मोठेपणी येतात. लहानपणी ती काळी, काटेरी असतात."

मी कोंबड्यांकडे पाहिलं. मग तिनेही पाहिलं. (कोंबड्या अलीकडे चांगल्याच बाळसेदार झाल्या आहेत.)

कुठल्याच कवितेत हे नव्हतं गं. तिथं पाखराचं पिल्लू पाखरासारखंच असायचं. आता शेंडोशेंडी मावा आहे आणि मुलगा म्हणतो, रविवारपर्यंत उतरला नाही तर पंप काढतो. म्हणजे मी पुन्हा काचेआड, तेही स्वतःच्या हातानं.

तुझा हताश,
दादा

ता. क. तुझ्या गच्चीतल्या गुलाबांवर ढालकिडे असतात म्हणालीस. काड्यापेटीला भोकं पाडून थोडे पाठव. कुरूप असले तरी चालतील. कुरूपच पाठव.

ता. क. २. (सुनेच्या अक्षरात) आत्या, पत्ता घालायला पत्र माझ्याकडे आलं. किडे पाठवू नका, वाटेत मरतील. थोडी पोरं अजून शिल्लक आहेत आणि पंपाची किल्ली माझ्याकडे आहे. बाबांना तेवढं आठ दिवस तुमच्याकडे न्या.

ता. क. ३. शनिवारी येतो. तोवर गुलाबांना कुणाला हात लावू देऊ नकोस. मी आल्यावर मलाही.